ज्या गाडीचा आकडा, त्या गाडीला

"गाडी झकास चालते, फक्त मीटर गेलंय." मीटर दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलापाशी येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा याच वाक्याने सुरुवात करतं. इंजिन ठणठणीत, ब्रेक नीट, दिवे लागतात. पण स्टिअरिंगमागच्या काचेआड वेगाचा काटा शून्यावर झोपलेला, नाहीतर ऐंशीवर चिकटलेला. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी इंधनाचा काटा तळाशी. किलोमीटरच्या आकड्यातल्या काही रेघा गायब, त्यामुळे समोरचा अंक तीन वाचायचा की आठ, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हा माणूस टेबलापाशी पोचतो तो एक उत्तर आधीच ऐकून: अख्खं मीटर बदलावं लागेल, मागवावं लागेल, आणि खर्च अमुक इतका येईल.

त्या उत्तराला दुसरा पर्याय असतो आणि तोच या पुस्तकाचा विषय आहे. मीटर उघडायचं, बिघाड शोधायचा, गेला असेल तेवढाच भाग बदलायचा. बोर्डच जळून गेलं असेल तर त्याच जातीचं दुसरं मीटर आणायचं आणि पहिल्याची आठवण त्यात जशीच्या तशी उतरवायची. या शेवटच्या कामाला धंद्यात क्लोनिंग म्हणतात. कागदोपत्री ज्याला इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणतात त्याला गॅरेजात कुणीही मीटरच म्हणतं, म्हणून इथेही मीटरच म्हटलं आहे.

हे काम शिकणाऱ्याच्या हातात गाडीने किती अंतर कापलं तो आकडा येतो. वाचता येतो, तसा लिहिताही येतो. त्यामुळे सोल्डरिंगची गोष्ट सुरू होण्याआधीच सचोटीची गोष्ट दारात उभी राहते. तिला शेवटच्या प्रकरणात ढकलून चालणार नाही.

पण आधी असं काम करणारे हात जिथे घडले, त्या बंगळुरूच्या पीण्या वसाहतीकडे जाऊ. पुण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, तुमकूर अशी गावं मागे टाकत बंगळुरूत शिरतो तो पीण्याच्या अंगाने. मराठी मुलखातून गाडीने बंगळुरू गाठणाऱ्याला शहराचं पहिलं दर्शन घडतं ते बागांचं नव्हे, पत्र्याच्या शेडांचं, टेम्पोंच्या रांगांचं आणि लोखंडाच्या किसाचं. सत्तरच्या दशकात उभी राहिलेली ही औद्योगिक वसाहत आज देशातल्या लघुउद्योगांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. मार्च २०१४ मध्ये मेट्रो इथवर आली, तेव्हा शेजारशेजारच्या दोन स्थानकांना पीण्याचं नाव मिळालं: एक नुसतं पीण्या आणि दुसरं पीण्या इंडस्ट्री.

पीण्याला हात कुठून मिळाले हे पाहायचं तर शेजारच्या जालहळ्ळीकडे वळावं लागतं. तिथे १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटी सुरू झाली आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. एकीकडे लेथ आणि मिलिंग यंत्रं, दुसरीकडे रेडिओ आणि रडार. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीने बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला घेतली. एका पिढीने इथे मायक्रॉनमध्ये मोजायची आणि भिंगाखाली काम करायची सवय लावून घेतली. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. कारखाना बंद होतो तेव्हा त्यातली हातोटी लगेच मरत नाही. ती आसपासच्या गाळ्यांत मुरते.

त्यातच पीण्याची स्वतःची एक गरज होती. छोट्या कारखान्यात सीएनसी यंत्र बंद पडलं की मालकाचा जीव टांगणीला लागतो. परदेशी बनावटीचा ड्राइव्ह किंवा कंट्रोल बोर्ड नवा मागवायचा म्हणजे पैसा जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात. या गरजेतून बोर्ड दुरुस्त करणारे तयार झाले. नकाशा हातात नसताना, कंपनीचा आधार नसताना, जळका भाग वासाने आणि मल्टिमीटरच्या बीपने शोधून काढणारे हे लोक. गाडीचं मीटर हे अशा हातांना नवं नाही. तेही एक बोर्डच: वीजपुरवठा, एक मायक्रोकंट्रोलर, थोडी स्मृती, काही मोटरी आणि एक पडदा. भाग विकत घ्यायला सदर पत्रप्पा रोड, म्हणजे एसपी रोड आहे. मुंबईकराला लॅमिंग्टन रोड आणि पुणेकराला तपकीर गल्ली आठवावी असा.

मीटर पूर्वी असं नव्हतं. जर्मन अभियंता ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये ज्या वेगमापकाचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर अँबॅसडर, पद्मिनी आणि मारुती ८०० चे काटे हलले. गिअरबॉक्सपासून एक केबल मीटरपर्यंत येते आणि तिच्या टोकाला एक चुंबक गरगर फिरतो. त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि खेच यांचं जिथे जुळतं तिथे काटा थांबतो. हे इतकं सुंदर यंत्र होतं की त्याला विजेचीही गरज नव्हती. केबल कोरडी पडली की काटा थरथरायचा, मेकॅनिक ग्रीस भरायचा, काम संपायचं. किलोमीटर मोजणारे आकडेही दात्यांच्या चाकांवर फिरायचे. त्या काळातही ते मागे फिरवणारे होते, हे इथेच नोंदवायला हवं. फसवणूक इलेक्ट्रॉनिक्सने आणली नाही.

मग तारा वाढल्या. इंजिनाचं नियंत्रण, ब्रेक, एअरबॅग, प्रत्येकाचा वेगळा मेंदू आला आणि प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलायचं होतं. बॉश कंपनीने १९८३ मध्ये या बोलण्याची एक पद्धत बांधायला घेतली आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटमध्ये ती जगापुढे मांडली. तिचं नाव कॅन. बंगळुरूत बॉशला जुने लोक आजही मायको म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, मायको लेआउट हे वस्तीचं नाव मात्र टिकून आहे.

कॅन आल्यापासून मीटरचं काम मुळातून बदललं. बहुतेक गोष्टी ते आता स्वतः मोजत नाही, बातमी ऐकतं आणि सांगतं. वेगाची बातमी बहुधा ब्रेकच्या एबीएस मेंदूकडून येते, इंजिनाच्या फेऱ्यांची आणि तापमानाची इंजिनाच्या मेंदूकडून. ही बातमी दोन पिळलेल्या तारांवरून धावते. म्हणून काटा हलत नाही एवढ्यावरून मीटरला दोषी धरणं म्हणजे वर्तमानपत्र आलं नाही म्हणून वाचणाऱ्याचे डोळे तपासणं. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमधला रोध मोजला तर साधारण ६० ओहम दिसायला हवा, कारण जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडलेले असतात. १२० दिसला तर कुठेतरी एक टोक सुटलं आहे. ही दोन मिनिटांची तपासणी न करता उघडलेली कितीतरी मीटरं मुळात चांगलीच असतात, आणि उघडताना बिघडतात.

आता टेबलावरच जाऊ. समोर एक मीटर आहे, वेगाचा काटा झटके खातो अशी तक्रार आहे. पहिलं काम स्क्रू-ड्रायव्हरचं नाही, कॅमेऱ्याचं आहे: चालू अवस्थेत पडद्यावरचे किलोमीटर आणि प्रत्येक काट्याची जागा यांचा फोटो. मग काच निघते. काटा थेट ओढायचा नसतो. तो ज्या सुईएवढ्या दांड्यावर बसलेला असतो तो वाकला तर मोटर गेलीच. तबकडीला ओरखडा पडू नये म्हणून खाली कागदी टेपची पट्टी, आणि काट्याच्या दोन बाजूंना दोन साधे चहाचे चमचे. दोन्ही एकदम, सावकाश दाबले की काटा सरळ वर उचलला जातो. काटा काढायचा महागडा पुलर बाजारात मिळतो, पण चमच्यांनी जितके काटे सुखरूप निघाले आहेत तितके त्याने निघाले नसतील.

काट्याखाली काडेपेटीहून लहान अशी एक स्टेपर मोटर असते. स्विस बनावटीच्या स्विटेक एक्स२५.१६८ या मोटरी जगभरच्या गाड्यांत बसल्या, आणि त्यांच्या जागी चालणारी जूकेन कंपनीची एक्स२७.१६८ आज सर्वांत सहज मिळते. क्वार्ट्झ घड्याळातला काटा टप्प्याटप्प्याने ढकलणाऱ्या मोटरीचीच ही भावंडं. दोन कॉइल, एक चुंबकी गोटी आणि प्लॅस्टिकच्या दात्यांची माळ. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३१५ अंश फिरू शकतो. मागच्या चार पायांवर मल्टिमीटर लावला की प्रत्येक कॉइल साधारण २८० ओहम दाखवते. एक कॉइल तुटलेली असेल तर काटा जागच्या जागी थरथरतो. दोन्ही कॉइल ठीक असूनही काटा उड्या मारत असेल तर दाते झिजले आहेत. २००३ ते २००६ या काळातल्या जनरल मोटर्सच्या ट्रक आणि एसयूव्हींमध्ये याच प्रकारच्या मोटरी इतक्या मोठ्या प्रमाणात बिघडल्या की अमेरिकेत मीटर-दुरुस्ती हा जोडधंदाच उभा राहिला. मोटर स्वस्त असते. चार पाय सुटे करायचे, नवी बसवायची.

खरी कसोटी काटा परत बसवताना लागते. मीटर सुरू होताना बहुतेक काटे एकदा तळाला टेकतात, तिथून मोजणी सुरू होते. काटा केसभर पुढे-मागे बसला तर सगळे वेग तेवढे चुकतात. वेगमापकाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ इथे डोक्यात पक्का हवा: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर ते खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४ किलोमीटर एवढंच. म्हणजे गाडी खरोखर ताशी ८० ने धावत असेल तर काटा ८० ते ९२ च्या मध्ये असावा, ७९ वर कधीच नाही. म्हणूनच काटा नुसत्या नजरेने बसवून काम संपत नाही. ठरावीक वेगाचा संकेत देऊन, दोन-तीन ठिकाणी तपासून, मगच तो दाबून बसवायचा.

पडद्याचे आजार वेगळे. जुन्या युरोपीय गाड्यांत पडदा आणि बोर्ड यांना जोडणारी पातळ पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तिचा चिकटपणा सुटतो आणि आकड्यांच्या रेघा एकेक करून मावळतात. ती सोल्डर होत नाही. रबराच्या पट्टीवरून बेताची उष्णता देत पुन्हा दाबावी लागते. उष्णता जास्त झाली की पट्टी जळते, कमी पडली की महिन्याभरात गिऱ्हाईक परत. कनेक्टरच्या पायांशी सोल्डरला तडा जाणं हा मात्र सगळ्या गाड्यांचा सामायिक रोग आहे. भिंगाखाली पायाभोवती एक काळसर कडं दिसतं. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसं नसलेलं २१७ च्या आसपास. समोर कुठलं आहे हे न ओळखता तापमान लावणारा हात बोर्डावरचे ट्रॅक उचकटून काढतो.

पावसाळ्याचं काम निराळंच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या पूर्वेकडच्या वसाहतींत आलिशान गाड्या छतापर्यंत बुडाल्या. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकरांनी तेच पाहिलं. बुडालेल्या गाडीचं मीटर पाण्याने जितकं मरतं त्याहून जास्त ते ओलं असताना बॅटरी जोडल्याने मरतं. वीज असली की ओल्या बोर्डावर तांबं सरकू लागतं आणि पायांभोवती हिरवट बुरा धरतो. बॅटरी ताबडतोब सोडवली, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन नीट वाळवलं, तर वाचण्याची शक्यता चांगली असते.

इथवर हाताचं काम झालं. क्लोनिंगमध्ये विषय स्मृतीचा आहे.

बोर्डावर कुठेतरी आठ पायांची, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी एक आयसी असते: ईईप्रॉम. वीज गेली तरी हिला विसर पडत नाही. जुन्या मीटरांत ९३सी४६ असायची, तिची क्षमता १२८ बाइट. आज मोबाइलवर देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे या आयसीत मराठीची बेचाळीस चिन्हं मावतील, एखादं वाक्यही धड नाही. तेवढ्या जागेत गाडीचे किलोमीटर, मीटरची मांडणी आणि काही गाड्यांत किल्ल्यांची ओळखही राहते. नंतर २४सी०२, ९३सी५६, ९३सी६६, ९५१६० अशा मोठ्या बहिणी आल्या.

आकडा तिथे कसा बसतो? गाडी ८४,५१२ किलोमीटर चालली आहे असं धरू. सोळाच्या पायावर हीच संख्या १४ए२० अशी लिहिली जाते, म्हणजे तीन बाइट: ०१, ४ए, २०. कुणी ते सरळ लिहितं, कुणी उलट्या क्रमाने, कुणी प्रत्येक बिट पालटून, कुणी शेजारी पडताळ्याची बेरीज ठेवतं. शिवाय तो एकाच जागी लिहिलेला नसतो, आणि त्याला कारण आहे. ईईप्रॉमचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, जुन्या आयसींत साधारण एक लाख वेळा. दर किलोमीटरला तोच कप्पा खोडला तर लाखभर किलोमीटरांत तो थकेल. म्हणून मीटर आळीपाळीने अनेक कप्प्यांत लिहितं. सोळा कप्पे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळावा हिस्सा झीज येते. ही रचना समजली की डम्प, म्हणजे आयसीतून काढलेली अख्खी फाइल, वाचणं कोड्यासारखं सुटू लागतं: एका ओळीखाली एक जवळजवळ सारख्या संख्या, एकेकाने पुढे सरकणाऱ्या.

क्लोनिंगला दुसरं मीटर लागतं आणि ते बहुधा मोडीत निघालेल्या गाडीचं असतं. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याचांदीची गल्ली. बंगळुरूत तोच शब्द भंगाराला आहे. हा फरक मराठी माणसाला पहिल्या दिवशी गोंधळात टाकतो. पण गाडीच्या गुजरीत मिळालेलं योग्य भाग-क्रमांकाचं मीटर दुरुस्त करणाऱ्याला सोन्याहून कमी नसतं. भाग-क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, आतली आयसी आणि मायक्रोकंट्रोलरही.

नुसतं मीटर बदलून भागत का नाही, याचं उत्तर इमोबिलायझरमध्ये आहे. किल्लीच्या मुठीत एक चिप असते, तिची ओळख पटली तरच इंजिन सुरू होतं. फोक्सवॅगन-स्कोडा समूहाच्या अनेक मॉडेलांत ही ओळख पटवण्याचं काम मीटरमध्येच बसवलेलं होतं. अशी गाडी दुसऱ्या मीटरवर क्षणभर सुरू होते आणि बंद पडते. ती चोरी समजते, आणि तिच्या दृष्टीने बरोबरच समजते. मग जुन्या मीटरची ईईप्रॉम वाचून नव्यात उतरवावी लागते. वाचताना एकच दंडक: दोनदा वाचा, दोन्ही फाइली ताडून पाहा, एक बाइटही वेगळा निघाला तर आयसीवर लावलेली क्लिप नीट बसलेली नाही. आणि मूळ फाइल हाती येईपर्यंत कुठेही काही लिहू नका. आयसी वाचणारे-लिहिणारे स्वस्तातले सीएच३४१ए प्रोग्रामर हजारो टेबलांवर आहेत. त्यांच्या काळ्या बोर्डांपैकी अनेकांवर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, जे ३.३ व्होल्टच्या आयसीला मारक ठरू शकतात. आयसी जोडण्याआधी हे मोजून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

आता दारात उभ्या असलेल्या गोष्टीकडे. ६२,००० किलोमीटर चाललेल्या गाडीत भंगारातलं १,४०,००० दाखवणारं मीटर बसवलं, तर सचोटीने वागणाऱ्याला आकडा खाली आणावाच लागेल. उलट १,४०,००० चाललेल्या गाडीत ३०,००० दाखवणारं मीटर तसंच बसवून दिलं, तर एका बाइटलाही हात न लावता खोटं घडलं. आकडा कमी केला की पाप आणि हात लावला नाही की पुण्य, हा हिशेब इथे चालत नाही. प्रश्न एकच: पडद्यावरचा आकडा या गाडीचा आहे का? या पुस्तकाची भूमिका त्या प्रश्नाला बांधलेली आहे. ज्या गाडीचा आकडा त्या गाडीला परत करणारा कारागीर आणि विकण्याआधी मीटर मागे घेऊन देणारा इसम एकच क्लिप, एकच प्रोग्रामर वापरतात. दोघांना एकाच नावाने ओळखलं जातं, हे पहिल्यावर अन्यायाचं आहे.

आकड्यात फेरफार करण्याविरुद्ध अमेरिकेने १९७२ मध्येच कायदा केला, आणि त्यात दुरुस्ती करणाऱ्याचाही विचार आहे. दुरुस्तीनंतर खरा आकडा लावता येत असेल तर तोच लावायचा. येत नसेल तर मीटर शून्यावर आणायचं आणि डाव्या दरवाज्याच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवायची: दुरुस्तीआधी इतके मैल, तारीख अमुक. किती साधी, किती शहाणी तरतूद! तरीही तिथल्या वाहन-सुरक्षा संस्थेच्या अंदाजाने दर वर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यानिशी विकल्या जातात. बेल्जियमने दुसरी वाट धरली. डिसेंबर २००६ पासून तिथे कार-पास चालू आहे: गाडी गॅरेजात गेली की आकडा मध्यवर्ती नोंदीत जातो आणि विकताना त्याचा दाखला द्यावाच लागतो. काही कंपन्यांनी यंत्रातच साक्षीदार ठेवला. बीएमडब्ल्यूच्या ई३९ आणि ई४६ मॉडेलांत किलोमीटर मीटरबरोबरच दिव्यांच्या नियंत्रकातही नोंदले जातात. दोघांची साक्ष जुळली नाही की पडद्यावर एक ठिपका उमटतो. आपल्याकडे खोटा आकडा सांगून गाडी विकणं ही फसवणूक आहे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ तिला लागतं. पण आकडा खोटा आहे हे सिद्ध करायला कागद हवा, आणि तो कागद दुरुस्ती करणाऱ्याच्या बिलाहून चांगला कुठला?

दुरुस्ती करणाऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण बाहेरच्या गॅरेजवाल्याची तक्रार खरी होती हे सरकारी कागदावर आलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी आहेत. हे पुरेसं नाही. सर्किटचा नकाशा अजूनही कुणी देत नाही. तो प्रत्येक टेबलावर नव्याने शोधला जातो. एका मोटरीपायी किंवा एका तड्यापायी अख्खं मीटर फेकायला लावणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे आणि मातीवरही. पीण्यातून जाणाऱ्या तुमकूर रस्त्यावर पुढे डाबसपेटला २००५ मध्ये ई-परिसर हा देशातला पहिला अधिकृत ई-कचरा प्रक्रिया उद्योग उभा राहिला. तिथे पोचणारं प्रत्येक मीटर खरोखरच संपलेलं असावं, एवढी अपेक्षा धरायला हरकत नाही.

नव्या गाड्यांनी हे सगळं अवघड करून ठेवलं आहे. काटे गेले, अख्खा पडदा आला. आकडा वेगळ्या आयसीत न राहता कुलूपबंद मायक्रोकंट्रोलरच्या पोटात गेला, आणि अनेक मीटरं कंपनीच्या सर्व्हरची परवानगी असल्याशिवाय गाडीला ओळख देत नाहीत. झीज मात्र संपलेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने १,३४,९५१ गाड्या परत बोलावल्या, कारण मधल्या पडद्यामागची ८ जीबीची स्मृती लिहून लिहून थकत होती आणि मागचा कॅमेरा दाखवणारा पडदाच काळा पडत होता. कप्पा थकण्याचं जे गणित १२८ बाइटच्या आयसीला लागू होतं तेच इथेही लागू झालं. म्हणून हे पुस्तक जुन्या, साध्या मीटरांपासून सुरू होतं. ज्याला ९३सी४६ कळली त्याला पुढचं कळायला वेळ लागेल, पण कळेल.

हे मराठीत का, असंही कुणी विचारेल. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, बेळगावकडची आयटीआय झालेली पोरं याच महामार्गाने खाली बंगळुरूला येतात. टेबलावर कन्नड, हिंदी, तमिळ सगळं कानावर पडतं, डेटाशीट इंग्रजीत असते. हात शिकतात, पण 'असं का' हा प्रश्न माणूस आपल्या भाषेत विचारतो, आणि त्याचं उत्तर त्या भाषेत छापलेलं क्वचितच सापडतं. त्यामुळे कॉइल, डम्प, ट्रॅक, फ्लक्स हे शब्द इथे जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांना संस्कृत पोशाख चढवला असता तर टेबलावर कुणी ओळखले नसते.

वाचकाकडे एकच मागणं आहे, आणि ते पहिलं मीटर उघडण्याआधी मान्य व्हावं. आकड्याचा फोटो काढा. मूळ डम्प गाडीच्या क्रमांकाने आणि तारखेने दोन ठिकाणी जपून ठेवा. काम झाल्यावर आकडा गिऱ्हाइकाला दाखवा, जुनं मीटर चिठ्ठी लावून त्याच्या हाती परत द्या, आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे किलोमीटर बिलावर स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करा.